वस्तीत कलेचा वर्ग सुरू करण्याआधी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही चौघं नुकतेच कला महाविद्यालयातून बाहेर पडला आहात. पुण्यातल्या एका वस्तीत कचरावेचक बायकांसाठी आठ रविवार, दोन-दोन तास चित्रकलेची कार्यशाळा घ्यायची आणि शेवटी बालगंधर्वच्या कलादालनात प्रदर्शन भरवायचं. पैसे एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामासाठी राखलेल्या निधीतून, येणार आहेत. रंगांची यादी तयार आहे, आणखी काय लागेल?

चौदा वर्षं हेच करते आहे आणि बरंच काही चुकून शिकले आहे, तेव्हा उत्तर लांबेल.

आधी तो रविवार खोडा. रविवारी सुट्टी आपल्याला असते. कचरावेचक बाईच्या घरी रविवार म्हणजे आठवड्याची धुणी, रेशन, पोरांची डोकी धुणं आणि गावाकडून अचानक टपकणारे पाहुणे. पाण्याचाही हिशेब ठेवा. गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद असलं की शुक्रवारी सकाळी ते उशिरा आणि कमी दाबाने येतं. त्या शुक्रवारी तुमच्या वर्गाकडे चिटपाखरू फिरकणार नाही. आमचा वर्ग मंगळवारी दुपारी साडेतीन ते पाच भरतो. ही वेळ बायकांनी ठरवली. सकाळची फेरी झालेली असते, मालाची वर्गवारी उरकलेली असते, संध्याकाळच्या स्वयंपाकाला अजून अवकाश असतो. समाजमंदिराची किल्ली कोणाकडे असते, ती मंगळवारी मिळते का आणि तिथे त्याच वेळी भिशी तर भरत नाही ना, हे वस्तीत दोन-तीनदा नुसतं जाऊन, चहा पिऊन कळतं. तेव्हा पहिले तीन आठवडे रिकाम्या हाताने जा.

दुसरं, तुमच्या प्रस्तावात 'महिलांना कलेची ओळख करून देणे' असं वाक्य आहे. ते काढा. ज्या बायकांकडे तुम्ही जाताय त्यांच्यापैकी कित्येकींची कुटुंबं १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून इथे आली. याच शहरात त्यांच्यासारख्यांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही आपली संघटना उभी केली, ओळखपत्रं मिळवली, आणि पुढे २००८ मध्ये 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या नावाने महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा करायचं काम हक्काने घेतलं. सभा कशी चालवायची आणि ठरावाला हात कधी वर करायचा, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. राहिली कला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यात बसून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, तो आकडा एक लाखाच्या वर गेला. आज 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर त्या ऐकता येतात. ऐका, म्हणजे ओळख कोणी कोणाला करून द्यायची हे आपोआप ठरेल.

मला हे कसं कळलं ते सांगते. पहिल्या मंगळवारी आम्ही मोठ्या उत्साहाने कार्ट्रिज पेपर, म्हणजे चित्रकलेचे जाड पांढरे कागद, वाटले. पन्नाशीच्या एक मावशी कागदाला हात लावेनात. मला वाटलं भीती वाटत असेल, म्हणून मी ताईगिरी सुरू केली: "चुकलं तरी चालेल हो, मावशी." त्या म्हणाल्या, "चुकायचं न्हाई गं. कोरा कागद हाय. पांढऱ्याला भाव हाय, त्याला कशाला खराब करायचं?" पुठ्ठा, रद्दी, पांढरा कागद, दूधपिशवी, कडक प्लास्टिक असा माल वेगळा करण्यात त्यांचा रोजचा दिवस जातो. ज्या मालाचा दर त्यांना तोंडपाठ होता, त्याच्यावर मी त्यांना रेघोट्या मारायला सांगत होते.

मग कोणीतरी खडू काढला. मावशी फरशीवर उकिडव्या बसल्या आणि पंधरा ते आठ ठिपके मांडले. पट्टी नाही, मोजणं नाही, बोटांनी अंदाज घेणं नाही. ठिपके जोडायला सुरुवात झाली तशा बाकीच्या भोवती जमल्या. एकीने मध्येच बोट ठेवलं, "ह्यो सुटला की!" दुसरी म्हणाली सुटला नाही, त्यांच्या गावाकडे तो सोडायचाच असतो. वीस मिनिटं वाद. दोघींनी शेजारी शेजारी आपापली तऱ्हा काढून दाखवली आणि तिसरीने दोन्ही जोडून टाकल्या. कागदांचा गठ्ठा आम्ही तसाच परत नेला.

गोधडीचंही तेच झालं. त्यांच्या भाषेत वाकळ. मी रविवार पेठेतून छान रंगांचं नवं सुती कापड आणलं होतं. त्यांनी ते बोटांत चोळून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. "खळ हाय ह्याला. सुई चालायची न्हाई, अन् अंगालाबी टोचंल." पुढच्या वेळी प्रत्येकीने घरून जुनं काहीतरी आणलं: विटलेलं लुगडं, शाळेचा गणवेश, परकराचा घेर. मधे जुन्या साड्यांचे थर, वरून ठिगळांची जुळणी, आणि कडेपासून आत आत जाणारा धावदोरा. टाके कसे वळवायचे ते मला अजून नीट जमत नाही. माझे टाके त्या उसवतात आणि मी चहा आणायला गेले की नव्याने घालतात. त्यांना वाटतं मला कळत नाही.

एकदा मी त्यांना अमेरिकेतल्या एड्स स्मृती-गोधडीबद्दल सांगितलं. १९८७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरुवात झाली. आजाराने गेलेल्या प्रत्येक माणसासाठी त्याच्या जिवलगांनी सहा फूट बाय तीन फुटांचा, म्हणजे एका थडग्याएवढा तुकडा शिवायचा आणि ते सगळे एकमेकांना जोडायचे. मला वाटलं काही तरी मोठं सांगितलं. सगळ्या गप्प. मग एक जण म्हणाली, "थडग्यावडा कशाला? पांघरता आलं पायजे की." तिच्या घरी सासूच्या लुगड्याची वाकळ होती आणि नातू तिच्यातच झोपत होता.

आता थोडं रुक्ष पण गरजेचं. तुमच्यातल्या एकीने लिहिलंय की हेच पुढे येरवड्याच्या मनोरुग्णालयात आणि कारागृहातही नेऊ. जरा थांबा. जमून काही करणं वेगळं आणि कलेचा उपचार म्हणून वापर करणं वेगळं. उपचारासाठी प्रशिक्षण लागतं. ते पुण्यातच मिळतं, 'वर्ल्ड सेंटर फॉर क्रिएटिव्ह लर्निंग' ही संस्था आर्ट्स बेस्ड थेरपीचा, म्हणजे कलेच्या आधाराने उपचार करण्याचा, अभ्यासक्रम चालवते. भार्गवी दावर यांच्या बापू ट्रस्टने पुण्याच्या वस्त्यांमध्ये मानसिक आरोग्याचं जे काम केलं त्यात कलेचा वापर कसा होतो, तेही समजून घ्या. नृत्याचं उदाहरण हवं असेल तर नर्तक ऋषिकेश पवार यांनी पार्किन्सन्स असलेल्यांसाठी पुण्यात घेतलेले वर्ग बघा. या आजारात मेंदूतलं डोपामिन हे रसायन कमी होतं आणि चालणं, वळणं यांसारख्या एरवी विचार न करता होणाऱ्या हालचाली अडखळतात. अशा वेळी बाहेरून ठेका मिळाला की पाऊल पुष्कळदा सुटतं. म्हणजे तिथे तालाला नेमकं काम आहे आणि ते काय आहे हे शिकवणाऱ्याला माहीत आहे. आपल्या मंगळवारी असं काही नसतं. आपण उपचार करतो असं चुकूनही म्हणू नका. शिवताना बाई रडायला लागली तर शेजारी बसा, पाणी द्या, 'मोकळं व्हा, सगळं सांगा' म्हणून खोदू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावून ठेवा. मुलं येणार असतील तर मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ सुद्धा. कारागृहाचं म्हणाल तर परवानगीचा कागदच इतका फिरतो की त्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊच नका.

फोटोंबद्दल मात्र मी सविस्तर लिहिणार आहे, कारण ती माझी चूक आहे आणि अजून सलते.

चौथ्या-पाचव्या वर्षी एका वृत्तपत्राच्या पुरवणीत आमच्या वर्गावर लेख येणार होता. चेहरे नकोत एवढी अक्कल तोवर आली होती, म्हणून आम्ही हातांचा फोटो दिला. सुई धरलेला हात, खाली रंगीत ठिगळं, सुंदर उजेड. त्या ताईंना विचारलं होतं आणि त्यांनी हो म्हटलं होतं. लेख आला. त्यांच्या मुलाची सोयरीक जुळत आली होती आणि मुलीकडच्यांना 'आई कंपनीत आहे' असं सांगितलेलं. फोटोतल्या मनगटावर त्यांचं नाव गोंदलेलं होतं, ठळक. खाली ओळ: 'कचरावेचक महिलेची कला.' सोयरीक मोडली. ताई आमच्यावर ओरडल्या नाहीत. नुसत्या यायच्या थांबल्या. वर्षभराने आल्या तेव्हा कोणीच तो विषय काढला नाही आणि मलाही माफी मागायला शब्द सापडले नाहीत.

त्या दिवशी आम्ही 'फोटो काढू का' एवढंच विचारलं होतं. तो कुठे छापून येईल, कोण बघेल, खाली काय लिहिलं जाईल यातलं काहीच नाही. आता आमचा नियम असा आहे की वस्तूचा फोटो काढायचा, माणसाचा नाही. कोणाला स्वतःचा हवाच असेल तर छापायच्या आधी खालची ओळ वाचून दाखवायची आणि नकार द्यायला आठवडा द्यायचा. मुलांच्या आणि आजारी माणसांच्या बाबतीत हा नुसता चांगुलपणाचा प्रश्न नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७४ बालगृहातल्या किंवा काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला बंदी घालतं, आणि मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ चं कलम २४ मानसिक आरोग्य आस्थापनेत उपचार घेणाऱ्याचा फोटो त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देऊ देत नाही. तुमच्या कंपनीला अहवालात 'हसरे चेहरे' हवे असतील. ते मिळणार नाहीत हे पैसे घ्यायच्या आधी सांगा, नंतर सांगितलं की भांडण होतं.

पैशाचंही तसंच. वस्तू विकली गेली तर पैसे कोणाचे? आमच्याकडे सगळे शिवणारीचे. कापड-दोऱ्याचा खर्च निधीतून, विक्रीतला एक रुपयाही संस्थेकडे नाही, आणि हिशेबाची वही बायकांपैकीच एकीकडे. बाई शिवायला बसते तेव्हा तेवढं दुसरं काम बुडतं, म्हणून जमेल तिथे मानधन धरा. एका कंपनीने (नाव जाऊ दे) पैसे देताना गोधडीच्या मधोमध आपलं बोधचिन्ह भरून मागितलं होतं. मी ते वर्गात तसंच सांगितलं. उत्तर आलं, "नाव घालायचं तर शिवनारीचं घाला." कंपनी गेली. त्या वर्षी खायचे वांधे झाले हे खरं, पण कोपऱ्यात आपलं अक्षर भरायची पद्धत तेव्हापासून पडली. लिहिता न येणाऱ्या दोघी चाफा आणि कोयरी भरतात.

निधी देणाऱ्यांना पुरावे लागतात. त्यांना जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाचा २०१९ चा आढावा दाखवा. कला आणि आरोग्य यांच्या संबंधावरचे तीन हजारांहून जास्त अभ्यास त्यात धुंडाळले आहेत. पण त्याच्या जोरावर आठ आठवड्यांत 'आत्मविश्वासात अमुक टक्के वाढ' असली वाक्यं लिहून देऊ नका. मोजायचंच तर किती जणी दुसऱ्या महिन्यातही येतात ते मोजा.

यावरून आठ रविवारांकडे येते. हा आकडा कंपनीच्या आर्थिक वर्षातून आलाय, खरं की नाही? आमचाही पहिला कार्यक्रम असाच तीन महिन्यांत संपला. प्रदर्शन झालं, हार-तुरे झाले, आम्ही गेलो. पुढच्या मंगळवारी साडेतीनला चार बायका समाजमंदिराच्या पायरीवर येऊन बसल्या होत्या, हे मला दोन महिन्यांनी किल्लीवाल्या दादांकडून कळलं. कार्यक्रम संपला हे आम्ही भाषणात सांगितलं होतं. पण भाषण कोण ऐकतं? आता शेवटची तारीख पहिल्या दिवशीच सांगतो, भिंतीवर लिहितो, आणि पुढचं कोण बघणार हे ठरल्याशिवाय सुरूच करत नाही. तुमच्याकडे आठच आठवड्यांचे पैसे असतील तर ते आठ महिन्यांवर पसरा, महिन्यातून एकदा भेटा. प्रदर्शन कलादालनात करायला हरकत नाही, पण आधी वस्तीत करा. तिथले प्रेक्षक जास्त कडक असतात.

रंगांच्या यादीत एक भर घाला. आमच्या सुरुवातीच्या वर्गात अर्ध्या बायका दुसऱ्या वेळी आल्याच नाहीत आणि आम्ही महिनाभर 'सहभाग का मिळत नाही' यावर चर्चा करत बसलो. नंतर एका मावशींनीच कानात सांगितलं की सुईचं भोक दिसत नाही, आणि हे पोरींसमोर सांगायची लाज वाटते. तयार मिळणाऱ्या चाळिशीचे बारा चष्मे आणा, दीड ते अडीच नंबरचे. टोपलीत दाराशी ठेवा, कोणी घेतला ते बघू नका, आणि घरी गेला तर परत मागू नका.