थिन क्लायंटच्या कामाला पुढे वाव आहे का?

प्रश्न : कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून सध्या एका पतसंस्थेत कंत्राटावर आयटी सपोर्टला आहे. शाखांमधल्या थिन क्लायंटचं (मुख्य काम सर्व्हरवर सोपवणारा छोटा कॉम्प्युटर) फर्मवेअर, म्हणजे मशीनमध्येच भरलेलं सॉफ्टवेअर, मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरवरून अपडेट करायचं काम माझ्याकडे आहे. मागच्या वेळी काही मशीन अपडेट झालीच नाहीत. या कामात पुढे काही आहे का, की सरळ कोडिंगचा कोर्स लावू?
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : कोडिंगची ओढ असेल तर जरूर शीक, पण हे काम हलकं समजून सोडू नकोस. अपडेटचं बटण कुणीही दाबेल. जी मशीन मागे राहिली ती का राहिली, हे शोधता येणाऱ्या माणसाला सिस्टिम अॅडमिनच्या कामात किंमत आहे.

तर त्या मशीनपासूनच सुरुवात कर. मशीनला सर्व्हरचा पत्ता बहुधा डीएचसीपीतून, म्हणजे नेटवर्कवर आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेतून मिळतो. ती सेवा जास्तीची माहिती क्रमांक दिलेल्या ‘ऑप्शन’मधून देते. वाइज या ब्रँडच्या थिन क्लायंटच्या जुन्या पद्धतीत ऑप्शन 161 मध्ये फाइल सर्व्हर असतो. पीएक्सई बूटला (मशीन नेटवर्कवरून सुरू करणं) 66 मध्ये सर्व्हर आणि 67 मध्ये बूट फाइलचं नाव. शाखेतला राउटरच आयपी वाटत असेल आणि त्यात हा ऑप्शन भरलेला नसेल, तर स्टाफचं काम सुरळीत चालतं, पण अपडेट सर्व्हर कुठे आहे हे मशीनला कळतच नाही. तिथे सगळं ठीक असेल तर मशीनचं घड्याळ बघ. बोर्डावरचा सीआर2032 सेल संपला की तारीख काही वर्षं मागे जाते, सर्व्हरचं सर्टिफिकेट अवैध ठरतं आणि एचटीटीपीएस जोडणी नाकारली जाते. साध्या सेलमुळे अडलेलं काम लोक नेटवर्कमध्ये शोधत बसतात. रात्री वेक-ऑन-लॅनने, म्हणजे नेटवर्कवरून संदेश पाठवून, मशीन उठवत असशील, तर तो सगळ्यांना एकदम जाणारा संदेश (ब्रॉडकास्ट) सहसा राउटर ओलांडत नाही हेही लक्षात ठेव.

आणखी एक. बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) आणि फ्लॅशवरची सिस्टिम इमेज (ऑपरेटिंग सिस्टिमची तयार प्रत) या दोन्हींना ऑफिसात सरसकट फर्मवेअर म्हणतात, पण धोका सारखा नाही. इमेज लिहिताना वीज गेली तर ती यूएसबीवरून पुन्हा भरता येते. बायोस लिहिताना गेली आणि त्या मॉडेलला रिकव्हरीची सोय नसेल, तर बोर्डच बदलायची वेळ येते. म्हणून बायोस वेगळ्या दिवशी, आणि मशीन यूपीएसवर असेल तरच.

लाइनचा हिशेब आधी मांड. 600 एमबीची इमेज, शाखेत 10 मशीन आणि 10 एमबीपीएसची लाइन : लाइनवर दुसरं काहीही नसताना एक तास वीस मिनिटं. हेच दिवसा लावलंस तर काउंटर ठप्प. इमेजची एक प्रत शाखेतल्याच एखाद्या मशीनवर ठेव आणि बाकीच्यांना तिथून दे. आधी प्रत्येक मॉडेलचं एकच मशीन, मग एक शाखा, मग बाकीच्या. मधे पूर्ण एक कामाचा दिवस जाऊ दे आणि पासबुक प्रिंटर, बायोमेट्रिक, स्कॅनर स्वतः चालवून बघ. नवी इमेज बूट होते, लॉगिनही होतं, पण यूएसबी रीडायरेक्शनची (मशीनला जोडलेलं यूएसबी उपकरण सर्व्हरवरच्या सत्रात वापरू देणारी) सेटिंग बदललेली असते आणि पासबुक छापलं जात नाही. हे अगदी नेहमीचं. जुनी इमेज सर्व्हरवरून पुसायची घाई नको.

हे सगळं घरी शिकता येतं. एक जुना पीसी सर्व्हर, दुसरा क्लायंट, पाच पोर्टचा स्विच. सर्व्हरवर डेबियन ही लिनक्स सिस्टिम, त्यात डीएनएसमास्क (छोटा डीएचसीपी सर्व्हर) आणि एलटीएसपी (नेटवर्कवरून क्लायंट बूट करणारं सॉफ्टवेअर). हा स्विच घरच्या राउटरला जोडू नकोस. दोन डीएचसीपी सर्व्हर एकाच नेटवर्कवर आले की क्लायंट कुणाचंही ऐकतो. जोडावाच लागला तर डीएनएसमास्क प्रॉक्सी डीएचसीपी मोडमध्ये चालव, म्हणजे तो आयपी न वाटता फक्त बूटची माहिती देईल. क्लायंट बूट झाला की मुद्दाम ऑप्शन 67 चुकवून बघ, वायरशार्क या प्रोग्राममध्ये नेटवर्कवरून जाणारी डेटाची पाकिटं वाच. लेगसी (जुनं) बायोस आणि त्याच्या जागी आलेलं यूईएफआय यांना वेगवेगळी बूट फाइल लागते, तेही इथेच कळेल.

इतकं हातात बसलं की मग सीसीएनए, म्हणजे सिस्कोची नेटवर्किंगची परीक्षा. महागड्या क्लासला आधी पैसे घालू नकोस. आणि पुढच्या अपडेटची नोंद आजपासून ठेव : मॉडेल, मॅक पत्ता (नेटवर्क कार्डचा स्वतःचा क्रमांक), आधीची आवृत्ती, नंतरची आवृत्ती, अडलं असेल तर कारण. संस्थेची परवानगी घेऊन, नावं-पत्ते काढून, तीच नोंद मुलाखतीत दाखव.