विंडोज ११ वर गेल्यापासून जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरमधून आउटलुकमार्फत रात्री जाणारे थकबाकीचे मेल आपोआप जात नाहीत, हाताने बटण दाबलं की जातात. काय करावं?

निम्मं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. बटण दाबल्यावर थकबाकीचे मेल जातात, म्हणजे इंटरनेट, पासवर्ड, सर्व्हर सगळं ठीक आहे. सॉफ्टवेअरही शाबूत आहे. अशी जुनी सॉफ्टवेअर बहुधा व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक ६) या भाषेत लिहिलेली असतात, आणि ती चालवायला लागणारा रनटाइम विंडोज ११ मध्येही येतो. तेव्हा कोणी 'परत विंडोज ७ टाका' म्हणत असेल तर कृपया ऐकू नका. त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला आणि त्या मशीनवर तुमच्या सगळ्या गिऱ्हाइकांचे हिशेब आहेत.

तुमचं सॉफ्टवेअर आउटलुककडून मेल पाठवून घेतं, असं तुम्ही लिहिलंय. मग माझा पहिला संशय टास्क शेड्युलरवर, म्हणजे ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीवर. नव्या मशीनवर टास्क पुन्हा बनवताना बहुतेक जण 'रन व्हेदर यूजर इज लॉग्ड ऑन ऑर नॉट' निवडतात. नाव ऐकून तोच पर्याय बरोबर वाटतो, पण त्यामुळे प्रोग्राम पडद्याआड, वेगळ्या सेशनमध्ये चालतो आणि तिथे आउटलुक धड उघडत नाही. 'रन ओन्ली व्हेन यूजर इज लॉग्ड ऑन' करा. 'रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस'ची टिकही काढा. आउटलुक साध्या हक्कांनी उघडलेलं आणि तुमचा प्रोग्राम ॲडमिन म्हणून, असं झालं की दोघांची गाठच पडत नाही. ४२९ नंबरची एरर (प्रोग्रामला आउटलुक हाती लागत नाही तेव्हाची) बऱ्याचदा इथूनच येते. 'स्टार्ट इन'मध्ये सॉफ्टवेअरच्या फोल्डरचा पत्ता भरा. रात्री लॉग ऑफ न करता स्क्रीन नुसती लॉक करा आणि स्लीप बंद ठेवा.

आता एक बारीक गोष्ट. दिवसा बटण दाबल्यावर 'एक प्रोग्राम तुमच्या वतीने मेल पाठवतोय' अशी खिडकी येते का, आणि तुम्ही सवयीने 'अलाऊ' दाबता का? रात्री ते दाबायला कोणी नसतं! अँटीव्हायरस बंद किंवा जुना असला की आउटलुक हे विचारतं. तो अपडेट केला की खिडकी बहुधा थांबते.

सकाळी आउटबॉक्सही बघा. मेल तिथे पडून असतील तर प्रोग्रामने काम केलंय, पण तो संपताच आउटलुकही बंद झालं. रात्री आउटलुक उघडंच ठेवा.

एवढ्याने काम चालू होईल, पण आउटलुकवर विसंबणं कायमचं बरं नाही. नवं आउटलुक अशा बाहेरच्या प्रोग्रामचं ऐकतच नाही, त्यामुळे तूर्त जुनं क्लासिकच ठेवा. ज्यांच्याकडे सोर्स कोड आहे त्यांना सांगून आउटलुकशिवाय थेट मेल सर्व्हरकडे (एसएमटीपीने), विंडोजमधलं सीडीओ हे मेल पाठवणारं साधन वापरून मेल पाठवायची सोय करून घ्या. जीमेल असेल तर पोर्ट ४६५ घ्या. ५८७ वर सीडीओ अडतं. नेहमीचा पासवर्ड चालणार नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड काढावा लागेल.

यानंतरही अडलं तर टास्कसमोरचा 'लास्ट रन रिझल्ट' जसाच्या तसा इथे लिहा, त्यावरून पुढचं सांगता येईल.