यादीत नाव आहे, एवढ्यावर ईएलडी घेऊ नका

तुम्ही विचारलंय की न्यू जर्सीत तुमचे आणि दिरांचे मिळून आठ ट्रक आहेत, त्यातले दोन जुने, एक नियमित कॅनडाला जातो. एक विक्रेता अगदी स्वस्तात ईएलडी (ड्रायव्हरच्या कामाच्या तासांची नोंद, म्हणजे लॉग, आपोआप ठेवणारं ट्रकमधलं यंत्र) देतोय आणि "एफएमसीएसएच्या (ट्रक वाहतुकीची सुरक्षा बघणाऱ्या अमेरिकी सरकारी खात्याच्या) यादीत आहे" असं ठासून सांगतोय. घ्यावा का?

मी कॅलिफोर्नियात, स्टॉकटनजवळच्या 19 ट्रकांच्या कंपनीत लॉग आणि सेफ्टीचं काम बघते. माझ्या मते तुम्ही स्वतः वापरून बघितल्याशिवाय घेऊ नका. त्या यादीचा अर्थ बहुतेकांना वाटतो तसा नाही. 2017 च्या डिसेंबरपासून ईएलडी सक्तीचा झाला, पण यंत्र नियमात बसतं की नाही याचा दाखला बनवणारी कंपनी स्वतःच देते आणि नोंदणी करते. यादीत नाव आलं म्हणजे सरकारने यंत्र हातात घेऊन तपासलं, असं नाही. आणि दोष सापडला की तेच नाव रद्द झालेल्या यंत्रांच्या यादीत जातं.

आमच्यावर ही वेळ आलेली आहे. एके दिवशी सकाळी ट्रकांना कामं वाटून देणाऱ्या डिस्पॅचरने फोन माझ्यापुढे धरला, तर रद्द यादीत आमचंच यंत्र. बदलायला 60 दिवस मिळतात, पण तोवर लॉग कागदावर. ट्रक स्टॉपवरून लॉगबुकांचा गठ्ठा आणला, पट्ट्या आणल्या. आमच्या तरुण ड्रायव्हरांपैकी कुणी आयुष्यात कागदी लॉग भरलेला नव्हता. साठीला आलेले आमचे एक पंजाबी ड्रायव्हर, ज्यांना सगळे 'पाजी' म्हणतात, यार्डातल्या टेबलावर बसले आणि एकेकाला शिकवू लागले: या चार ओळी, ऑफ ड्यूटी, स्लीपर (केबिनमधल्या बिछान्यावरची विश्रांती), ड्रायव्हिंग, ऑन ड्यूटी. हे चोवीस तास. रेघ आडवी ओढायची आणि काम बदललं की उभी. त्या दिवशी त्यांनी आम्हाला तारलं.

खरी धावपळ जुन्या लॉगची झाली. सहा महिन्यांचे लॉग कंपनीने जपून ठेवायचे असतात, आणि त्याची एक प्रत वेगळ्या ठिकाणी. आमचे सगळे लॉग त्या विक्रेत्याच्या सर्व्हरवर. त्यांचा फोन कुणी उचलेना, पोर्टल धड उघडेना. मी दोन रात्री जागून एकेका ड्रायव्हरचा एकेक महिना उतरवून घेतला. तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला हेच काम आधी करते. तुम्हीही घेण्याआधी विचारा की उद्या तुमच्याशी संबंध संपला तर माझे लॉग मला कसे मिळतील? आणि नुसतं विचारू नका, त्याच्यासमोर उतरवून बघा.

आता गाड्यांचं. जुन्या दोघांच्या इंजिनाचं मॉडेल वर्ष बघा. 2000 च्या आधीचं असेल तर ईएलडी लागतच नाही, कागदी लॉग चालतो. बाकीच्यांच्या डॅशखाली वाकून ईएलडीची केबल जिथे लागते ते सॉकेट बघा. जुन्या गाड्यांना काळं नऊ पिनांचं, साधारण 2016 पासूनच्या गाड्यांना हिरवं. काळ्या सॉकेटसाठीची केबल हिरव्यात बसत नाही. व्होल्वो आणि मॅकच्या बऱ्याच नव्या गाड्यांना कारसारखं 16 पिनांचं असतं. विक्रेता "सगळ्याला लागते" म्हणेल, तरी प्रत्येक गाडीला नीट लागते का ते बघूनच पैसे द्या.

केबल लागली की यार्डात एक चाचणी करा. कुणी लॉगिन न करता गाडी थोडी चालवा. यंत्राने ते चालवणं आपणहून टिपून 'अनोळखी ड्रायव्हर' म्हणून दाखवलं पाहिजे. इंजिन चालू-बंद, गाडी हलली की नाही, मैल आणि इंजिनचे तास हे सगळं इंजिनाकडून यायला हवं. नुसत्या फोनच्या जीपीएसवर चालणारं यंत्र नियमात बसत नाही.

मग रस्त्यावरची तपासणी. अधिकारी एक कोड सांगतो, ड्रायव्हर तो टाकून फाइल पाठवतो. काही यंत्रं वेब सर्व्हिस आणि ईमेलने पाठवतात, काही यूएसबी आणि ब्लूटूथने. नेवाडात रूट 50 वर आमच्या एका ड्रायव्हरला रेंजच नव्हती. स्क्रीनवर लॉग दाखवून सुटला, कारण कुठलं बटण दाबायचं ते त्याला पाठ होतं. तुमचा सगळ्यात कमी इंग्रजी येणारा ड्रायव्हर सीटवर बसवा, तुम्ही अधिकारी व्हा, आणि हे त्याला न सांगता जमतं का बघा. ज्याला जमत नाही तो नियम पाळूनही अडकतो. दाखवायला चालणारा लॉगच नसेल तर दहा तास गाडी तिथेच उभी.

विक्रेत्याने हळूच सांगितलं की "तास कमी पडले तर आम्ही मागून लॉग नीट करून देतो", तर तिथेच फोन ठेवा. आपोआप टिपलेली चालवण्याची वेळ कमी करता येत नाही. बाकी दुरुस्तीला कारण लिहावं लागतं, ड्रायव्हरची संमती लागते, आणि मूळ नोंद तशीच राहते. 11 तास चालवणं, तेही काम सुरू केल्यापासून 14 तासांच्या चौकटीत, मग 10 तास विश्रांती ही मर्यादा माणूस थकतो म्हणून आहे. झोप न झालेला माणूस 80,000 पौंड घेऊन उतार उतरतो तेव्हा पुढच्या गाडीत कुणाचंतरी घर असतं. असे तास विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

कॅनडाला जाणाऱ्या ट्रकसाठी वेगळं बघावं लागेल. तिथे 2021 च्या जूनपासून ईएलडी सक्तीचा आहे आणि यंत्र त्रयस्थ संस्थेकडून तपासून घ्यावं लागतं. अमेरिकेच्या यादीतलं यंत्र तिथे आपोआप चालत नाही. ट्रान्सपोर्ट कॅनडाच्या (तिथल्या सरकारी वाहतूक खात्याच्या) यादीत मॉडेलच नाही तर सॉफ्टवेअरची आवृत्तीसुद्धा जुळवून बघा. या एका ट्रकमुळे तुमची निवड आपोआप आखूड होईल, आणि ते बरंच आहे. दोन्हीकडे चालणारंच यंत्र सगळ्या गाड्यांना घ्या.

आठही एकदम घेऊ नका. दोन घ्या, एक ईएलडी लागणाऱ्या सगळ्यात जुन्या गाडीत, एक नव्या गाडीत, आणि दोन आठवडे फिरवा. तीन वर्षांचा करार करू नका, महिन्याचा मागा. प्रत्येक केबिनमध्ये फाइल पाठवायची आणि बिघाड कळवायची पानं, आणि कमीत कमी आठ दिवस पुरतील एवढे कोरे लॉग ठेवणं नियमानेच बंधनकारक आहे. मी त्यासोबत एक पट्टी आणि दोन पेनही ठेवते. यंत्र बिघडलं तर ड्रायव्हरने 24 तासांत तुम्हाला लेखी कळवायचं आणि तुम्ही आठ दिवसांत दुरुस्त करायचं.

त्या यंत्राचं नाव आणि तुमच्या इंजिनांची वर्षं इथे लिहिलीत, तर कुठली केबल लागेल ते मी बघून सांगते.