बंदरात सोनार बसवल्यावर पडद्यासमोर माणूस कशाला हवा?

आपण विचारले आहे की, बंदराच्या तोंडाशी सोनार, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून वस्तू शोधणारे यंत्र, बसवल्यावर पाण्याखालून पोहत येणारा पाणबुड्या यंत्रालाच सापडत असेल, तर पहाऱ्याला माणूस कशाला हवा. माझ्या नोकरीची बरीच वर्षे त्याच पडद्यासमोर गेली, म्हणून स्पष्ट सांगतो की माणूस हवाच, आणि त्याला पाणी कळत असले पाहिजे.

बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली लावलेल्या नुसत्या जाळ्यावरही विसंबता येत नाही, हे डिसेंबर १९४१ मध्ये इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया बंदरात दिसले. ब्रिटिश विनाशिकांना आत घेण्यासाठी जाळ्याचा दरवाजा उघडला, तेव्हा सहा इटालियन नौसैनिक तीन स्वारीच्या टॉर्पेडोंवरून, म्हणजे माणसे वर बसून पाण्याखालून चालवतात अशा टॉर्पेडोंवरून, त्यांच्यामागोमाग आत शिरले, आणि ‘क्वीन एलिझाबेथ’ व ‘व्हॅलियंट’ या युद्धनौका बंदरातच तळाला टेकल्या.

मी चोपडा तालुक्यातला, तापीकाठचा. नौदलात आमच्या एका वरिष्ठांना हे कायम खटकत असे. ज्याने अठराव्या वर्षापर्यंत समुद्र पाहिला नाही त्याला सोनारवर बसवू नये, असे ते सर्वांसमोर म्हणत. एकदा एप्रिलमध्ये सराव होता. आमचाच पाणबुड्या सकाळी धक्क्याकडे निघाला, तेव्हा तो दूरवरूनच पडद्यावर स्पष्ट दिसला; दुपारी त्याच वाटेने, तेच श्वासाच्या हवेचे नळकांडे पाठीवर घेऊन आला, तर अगदी जवळ येईपर्यंत त्याचा प्रतिध्वनी मिळाला नाही. पाळी माझी असल्याने ठपका माझ्यावर आला. मी म्हणालो की वारा पडला आहे, वरचे पाणी तापले आहे, ध्वनी खाली वळून चिखलात जात आहे आणि पाणबुड्या त्याच्या वरून येत आहे. मे महिन्यात तापीच्या डोहात उतरल्यावर छातीपाशी कोमट आणि पायांना गार लागणारे पाणी ज्याने अनुभवले आहे, त्याला हे थर पुस्तकातून शिकावे लागत नाहीत. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, तापमान एका अंशाने वाढले की हा वेग दोन-तीन मीटरने वाढतो, आणि ध्वनी नेहमी कमी वेगाच्या, म्हणजे गार थराकडे वाकतो. संध्याकाळी तापमापक दोरीने खाली सोडला, तेव्हा वरचे पाणी खालच्यापेक्षा खरोखरच गरम निघाले. तरीही माझ्यावरचा ठपका कोणी मागे घेतला नाही.

बंदरातले पाणी उथळ असते. तळाकडून, धक्क्याच्या भिंतीकडून आणि प्रत्येक बोटीमागे राहणाऱ्या बुडबुड्यांच्या पट्ट्यातूनही प्रतिध्वनी येतात. साध्या नळकांड्याचा पाणबुड्या बुडबुडे सोडतो म्हणून लवकर सापडतो. श्वास आतल्या आत फिरवणारे उपकरण लावलेला फार उशिरा कळतो. संशय आला तरी पुढे गस्तीची बोट माणसांनाच न्यावी लागते, आणि नौकेच्या बुडाला चिकटवलेला सुरुंग शोधायला आपलाच पाणबुड्या उतरवावा लागतो.

माझा अनुभव जुना आणि एकाच बंदरातला आहे. आताची यंत्रे प्रतिध्वनीचा माग स्वतःच ठेवतात आणि माशांचा थवा बराचसा वेगळा काढतात, हे मान्य आहे. पण आपण अशा कामात असाल, तर पाण्याचे तापमान दिवसातून एकदा नव्हे, तीनदा वेगवेगळ्या खोलीवर मोजायला लावा, आणि पाळीवरचा माणूस दुपारी काही सांगत असेल तर त्याचे गाव विचारण्याआधी तापमापक पाण्यात सोडा.