डॉक्टरचा गव्हर्नर कसा झाला?

प्रश्न : लेनर्ड वुड डॉक्टर होते, मग ते क्युबाचे लष्करी गव्हर्नर कसे झाले? – एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : धडाडी होतीच, पण ओळखीही कामी आल्या. १८८४ साली हार्वर्डमधून वैद्यकीची पदवी घेऊन हा गडी अमेरिकेच्या लष्करात शिरला तो कंत्राटी सर्जन म्हणून. १८८६ मध्ये अपाची या मूळ अमेरिकी जमातीचा नेता जेरोनिमो याच्या पाठलागात अधिकारी नसलेली पायदळाची तुकडीच त्याने हाती घेतली. पुढे वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लींचा डॉक्टर झाला, तिथे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्टशी मैत्री जमली. १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात ‘रफ रायडर्स’ पलटणीचा कर्नल वुड आणि रूझवेल्ट त्याच्या हाताखाली! युद्धानंतर क्युबा स्पेनकडून अमेरिकेच्या ताब्यात आला, तेव्हा आधी तिथलं सँटियागो, मग १८९९ पासून १९०२ पर्यंत सगळा क्युबा त्याच्याकडे.

शिपाईगड्याने मुलकी कारभार पाहणं आपल्याला नवं नाही. साताऱ्यात १८१८ पासून कॅप्टन ग्रँट डफ तेच करत होता. वुडचं वेगळेपण वैद्यकीत. पीतज्वर डासांमुळे पसरतो, हे क्युबाचे डॉक्टर कार्लोस फिनले १८८१ पासून सांगत होते. १९०० मध्ये अमेरिकी लष्करातला डॉक्टर वॉल्टर रीडने ते पडताळायचे प्रयोग मांडले, तेव्हा वुडने पैसे मंजूर केले. दुसरा कोणी जनरल हसला असता, असं मला वाटतं.

पण त्याचे गोडवे गाणारे पुढचं पान घाईने उलटतात. १९०३ पासून तो फिलिपिन्सच्या मोरो प्रांताचा, म्हणजे तिथल्या मोरो मुसलमानांच्या मुलखाचा, गव्हर्नर होता. मार्च १९०६ मध्ये बुद दाजो डोंगरावर त्याच्या सैन्याने शेकडो मोरो मारले, त्यात बायका-मुलंही होती. तरी बढत्या थांबल्या नाहीत. १९१० मध्ये लष्करप्रमुख, १९२१ मध्ये फिलिपिन्सचा गव्हर्नर-जनरल, आणि १९२७ मध्ये त्याच पदावर असताना मृत्यू.