ठासणीच्या फ्लिंटलॉक रायफलची गोळी डावीकडे खाली जाते, साइट कशी तपासायची?

तुम्ही विचारलंय की पेनसिल्व्हेनियात .५० कॅलिबरची, म्हणजे अर्धा इंच नळीची, जुन्या पद्धतीची फ्लिंटलॉक, म्हणजे चकमकीच्या दगडाच्या ठिणगीने उडणारी रायफल, घेतली, ख्रिसमसनंतरच्या फ्लिंटलॉक सीझनच्या आधी ती तयार करायचीय, ५० यार्डांवर गोळ्या साधारण ४ इंच डावीकडे आणि ३ इंच खाली लागतायत, तर माशी, म्हणजे नळीच्या टोकाजवळची पुढची साइट, किती घासायची. माझं म्हणणं, आज कानस हातात घेऊच नका. घासायला लागेलही कदाचित, पण ते सगळ्यात शेवटी.

मी इंडियानात असतो, इथे फ्रेंडशिप नावाच्या छोट्याशा गावात नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनची, म्हणजे ठासणीच्या रायफलवाल्यांच्या संघटनेची, रेंज आहे, संघटना १९३३ सालची, तिथे जायला लागलो आणि या बंदुकांचं खरं वेड लागलं. तसं ठासणीची बंदूक मी लहानपणीच बघितलेली, आजोळी सावंतवाडीकडे मामांकडे शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची एक होती, रानडुकरं यायची भातात. पण तिला मागे खाच, म्हणजे मागची साइट, नव्हतीच, नुसती पुढे माशी, आणि आत छरे, ते पसरतातच, त्यामुळे अंदाजाने चालून जायचं. रायफलच्या एका गोळीला तसं चालत नाही.

तर डावीकडे-खाली हे वाचल्यावर माझ्या मनात साइट आलीच नाही, पहिल्यांदा तुमचा हात आला. उजव्या हाताने मारणारा माणूस घोडा ओढताना दचकला की गोळी बहुतेकदा डावीकडे खाली जाते, आणि फ्लिंटलॉकमध्ये डोळ्यापासून वीतभर अंतरावर रंजक, म्हणजे बाहेरची पेटवायची दारू, भडकते, मग नळीतली दारू पेटेपर्यंत एक क्षण जातो, त्या क्षणात रायफल स्थिर ठेवणं भल्याभल्यांना जमत नाही. मलाही पहिलं वर्षभर जमलं नव्हतं. त्यामुळे हे करा, रायफल पूर्ण रिकामी असल्याची खात्री करून, बंदुकीच्या ज्या जबड्यात चकमकीचा दगड असतो त्यात दगडाऐवजी लाकडाचा तुकडा आवळा आणि घरी रोज वीस-पंचवीस वेळा घोडा ओढा, माशी हलते का बघा. मग रेंजवर नळी रिकामी ठेवून फक्त पॅनमध्ये, म्हणजे नळीबाहेरच्या छोट्या वाटीत, रंजक घालून उडवा. भडका उडूनही माशी जागच्या जागी राहिली तर दोष तुमच्या हाताचा नाही. शिवाय एखाद्या जाणत्या माणसाला तुमच्या रायफलने पाच गोळ्या मारायला सांगा, त्याच्याही डावीकडेच गेल्या तर मग दोष रायफलचा.

रिकामी असल्याची खात्री नुसतं बघून होत नाही, मागून नळी बंद असते ना. गज, म्हणजे ठासायचा दांडा, आत सोडा, तोंडाशी पेन्सिलची खूण करा, मग तोच गज बाहेरून नळीला लावा, टोक कान्यापाशी, म्हणजे रंजकाची आग ज्या भोकातून नळीत जाते त्या टचहोलपाशी, यायला हवं. आधीच थांबलं तर आत काहीतरी आहे. सेकंड हँड रायफल घेतलीत तर हे घरात आणायच्या आधी करायचं. आणि मागून बंद असल्यामुळेच नळीतून आरपार बघून साइट जुळवायची ती बोल्ट अ‍ॅक्शनवाल्यांची सोय इथे नाही, जे कळायचं ते कागदावरच्या भोकांतून.

दुसरी गोष्ट, रायफल कलंडते का. ४२ इंचांची नळी तोंडाकडे जड लागते, नकळत डावीकडे झुकली तर गोळी पण डावीकडे आणि थोडी खाली जाते, म्हणजे तुमचंच लक्षण. अष्टकोनी नळी असेल तर सोपं आहे, वरची सपाट बाजू आडवी राहते का ते मित्राला मागे उभं करून बघायला सांगा. त्याचवेळी माशी आणि खाच दोन्ही त्या सपाट बाजूवर सरळ उभ्या आहेत का तेही बघा, माशीचं पातं एकीकडे वाकलेलं मी बऱ्याच रायफलींवर पाहिलंय. आणि ऊन कुठून येतं ते बघा! पितळेची किंवा चांदीची माशी चकाकते, ऊन उजवीकडून असेल तर तिची उजवी कड उजळते, आपण तीच कड खाचेच्या मध्ये धरतो आणि गोळी डावीकडे जाते. घरी, दारू आसपास नसताना, मेणबत्तीची काजळी धरून माशी काळी करा आणि मग परत मारून बघा.

आता मापाचा विषय, आणि इथे मी स्वतः पोळलोय. पहिल्या रायफलला ५० ग्रेन (दारू मोजायचं माप) दारूवर गोळ्या खाली लागायच्या, मी उत्साहात माशी घासत बसलो, छान जमलं. पुढच्या महिन्यात ७० ग्रेनवर ग्रुप फार घट्ट येतोय, म्हणजे गोळ्या एकमेकींच्या जवळ लागतायत, असं दिसलं आणि त्या मापाला गोळी इतकी वर गेली की शेवटी नवीन माशी बसवायला लागली. घासलेलं पितळ परत येत नाही. म्हणून आधी रायफलला काय आवडतं ते शोधा, बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेत राहून ६० ग्रेन थ्री-एफपासून (बारीक दाण्याची काळी दारू) ५-५ ने वर जा, .४९० इंचाची शिशाची गोळी, भोवती वंगण लावलेली पिलो टिकिंगची, म्हणजे उशीच्या घट्ट सुती कापडाची, चिंधी, .०१५ नाहीतर .०१८ इंच जाडीची. दारू काळीच, किंवा तिच्या जागी चालणारी, बिनधुराची कधीच नाही. माप प्रत्येकवेळी मेजरनेच घ्या, दारू साठवायच्या शिंगातून थेट नळीत ओतायचं नाही. गोळी दारूवर पूर्ण टेकलीच पाहिजे, त्यासाठी गजावर भरलेल्या मापाची वेगळी खूण करा. दर गोळीनंतर नळी पुसा. आणि उडालेल्या चिंध्या पुढे जाऊन गोळा करा, लोक हे करत नाहीत आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण सगळी गोष्ट त्या चिंधीवर लिहिलेली असते, जळून भोक पडलं किंवा कड कापली गेली असेल तर साइटला दोष देण्यात अर्थ नाही.

टेकवून मारताना रायफलचा लाकडी भाग वाळूच्या पिशवीवर ठेवा, उघडी नळी नको, आणि दरवेळी त्याच जागी. पाच गोळ्या ५० यार्डांवर ३ इंचांच्या आत यायला लागल्या की मग साइट.

हिशोब असा की गोळी जितकी चुकते त्याला दोन साइटमधल्या अंतराने गुणायचं आणि निशाणाच्या अंतराने भागायचं. तुमच्याकडे दोन साइटमध्ये साधारण ३० इंच धरू, ५० यार्ड म्हणजे १८०० इंच, तर ४ इंचांसाठी ४ गुणिले ३० भागिले १८००, म्हणजे .०६७ इंच, पावणेदोन मिलिमीटरच्या आत. एवढंसंच! मागची साइट गोळी जिकडे न्यायची तिकडे सरकवायची, तुमच्या बाबतीत उजवीकडे, पुढची सरकवलीत तर उलट, डावीकडे. आधी साइट आणि नळी दोन्हींवरून एक बारीक रेघ मारून ठेवा म्हणजे किती सरकलं ते कळतं, आणि पितळेच्या पंचने हलके हलके ठोका, लोखंडाच्या नको. रायफल अर्थातच रिकामी.

उंचीसाठी माशी घासली की गोळी वर जाते. ३ इंचांसाठी हिशोबाने .०५ इंच येतं, पण तुम्ही निम्मंच घासा, नळीला चिकटपट्टी लावून, बारीक कानशीने, मग ३ गोळ्या मारा, मग परत दोन-चार हात. गोळ्या निशाणाच्या फक्त १ इंच खाली लागायला लागल्या की मी थांबतो आणि दुसऱ्या दिवशी, वेगळ्या उजेडात, परत मारून बघतो, मगच शेवटचे हात. जास्त घासलं गेलं तर मागची खाच खोल करून गोळी खाली आणता येते, पण तिथेही धातू थोडाच असतो.

आधी दगड काढून लाकडाने सराव करा, आणि रेंजवर गेलात की उडालेल्या दोन-तीन चिंध्यांचा फोटो इथे टाका, मग दारू वाढवायची की चिंधी बदलायची ते बघून सांगतो.