पॅड बदलले, पण चाक तापतंय

प्रश्न : दादा, माझी २०१२ ची वॅगन-आर आहे, राहतो चिपळूणला. मागच्या महिन्यात व्हिडिओ बघून पुढचे ब्रेक पॅड घरीच बदलले. आठवडाभर झक्कास चालली, आता ब्रेक न मारताही गाडी डावीकडे ओढते आणि कुंभार्ली घाट उतरून आलो की डाव्या चाकाला जळका वास. जुन्या पॅडपैकी आतला पार घासला होता, बाहेरचा अर्धा शिल्लक. कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, पिनांना ग्रीस लावलंय, घरात बेअरिंगचं होतं तेच. आता कॅलिपरचं किट, म्हणजे नवे रबरी सील वगैरे, घरीच टाकू का? बायको म्हणते गॅरेजला जा.

उत्तर : आतला पॅड संपला नि बाहेरचा राहिला, तिथेच गाडीने तुम्हाला सांगितलं होतं की कॅलिपर पिनांवर सरकत नाहीये. आणि तुम्ही त्याच पिनांना बेअरिंगचं ग्रीस फासलंत! ते पेट्रोलियमचं असतं, त्याने रबर फुगतं, मग पिन अजूनच घट्ट. तिथे सिलिकॉनचं, ब्रेकसाठीचंच ग्रीस लागतं, छोट्या पुडीत मिळतं.

पण किट आणायच्या आधी एक बघा. चाक उचला, ब्रेक दाबून सोडा, हाताने फिरवा. जाम असेल तर कॅलिपरचा निपल, म्हणजे ऑईल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू, जरासा ढिला करा, चाक सुटलं तर प्रेशर अडकतंय, म्हणजे बहुतेक कॅलिपरला ब्रेक ऑईल नेणारा रबरी होज आतून बंद झालाय, किट टाकून काही होणार नाही. नाही सुटलं तर पिना जाम, नाहीतर पॅडला ढकलणारा पिस्टन. आणि गाडी उचलताना खाली जांभ्याचा चिरा लावू नका हो, आपल्याकडे सगळे लावतात, तो वजनाने फुटतो. गाडीसोबतचा जॅक फक्त स्टेपनी बदलायला, खाली शिरायचं तर स्टँडच पाहिजे.

आधी पिना काढून पुसा, त्यांच्यावरचे फुगलेले रबरी बूट बदला. तेवढ्यावर पिस्टन हाताने किंवा क्लॅम्पने सहज आत गेला तर किटची गरजच नाही. नाहीच गेला तर पिस्टन काढायला लागेल, तो होज काढायच्या आधीच पॅडच्या जागी लाकडाचा तुकडा ठेवून पेडल हळूहळू दाबत बाहेर आणायचा. काही जण कॉम्प्रेसरची हवा मारतात, पिस्टन गोळीसारखा सुटतो, बोटं जातात. पिस्टनवर गंजाचे खड्डे दिसले तर पॉलिश पेपर मारत बसू नका, नवीन घ्या. धुवायला पेट्रोल, डिझेल अजिबात नाही, ब्रेक क्लीनर किंवा ब्रेक ऑईल. आतला चौकोनी सील नुसता गळती थांबवत नाही, ब्रेक सोडल्यावर तोच पिस्टनला केसभर मागे ओढतो. म्हणून जुनाच सील परत बसवला तर चाक पुन्हा तापणार. कॅलिपर काढल्यावर होजवर लटकवू नका, तारेने बांधा.

मग एअर काढणं, म्हणजे ऑईलमध्ये शिरलेली हवा निपलमधून बाहेर काढणं. इथे बायकोला बोलवा, पेडल दाबायला माणूस लागतोच, त्यानिमित्ताने वादही मिटेल. ब्रेक ऑईल नवं, डॉट ३ किंवा डॉट ४, त्याच्या टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच. दोन वर्षांपूर्वीचा उघडा डबा नको, हे ऑईल हवेतलं पाणी ओढतं आणि कोकणात हवेत पाण्याला तोटा नाही. पाणी शिरलेलं डॉट ३ साधारण १४० अंशांना उकळायला लागतं, नवं २०५ च्या पुढे. घाटात पेडल स्पंजसारखं होतं ते यामुळेच. रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता.

मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑईल ढकलणारा भाग, मात्र घरी उघडू नका, ते गॅरेजला. सगळं जोडल्यावर गाडी सुरू करायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत मारा. पहिली फेरी सपाट रस्त्यावर, बहादूरशेख नाक्याच्या गर्दीत नाही, आणि परत आल्यावर दोन्ही चाकांजवळ हात नेऊन बघा, उष्णता सारखी लागली की मगच घाट.